पाण्यावर उजवीकडून घ्या: हतनूरच्या फुगवट्यात नव्याने बोट चालवणाऱ्यांसाठी

माझी पहिली टक्कर भर दुपारी झाली. वारा नव्हता, ऊन लख्ख होतं, हतनूरचा फुगवटा, म्हणजे धरणामागे तुंबलेलं तापीचं पाणी, भरलेला होता आणि नजर जाईल तिथपर्यंत पाण्यावर दोनच बोटी होत्या. एक माझी, दुसरी समोरून मासळी घेऊन येणाऱ्या आप्पांची. मी त्यांना बराच आधी पाहिलं, त्यांनीही मला पाहिलं. जवळ आल्यावर मी डावीकडे घेतलं आणि त्यांनी उजवीकडे घेतलं, म्हणजे दोघं एकाच बाजूला आलो. मग मी घाबरून उजवीकडे वळलो तर ते वैतागून डावीकडे. बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं जशी हसत-हसत एकमेकांची वाट अडवतात तसं, फक्त हसायला वेळ नव्हता. माझ्या बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, त्यांच्या बोटीच्या कुशीत, म्हणजे बाजूच्या अंगात बसली, टोपली कलंडली आणि अर्धी मासळी परत तापीत गेली.

आप्पा शिवी देतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "अरे भो, हा काय भुसावळचा हायवे हाये का, डाव्या अंगानं घ्यायला?"

आपल्याकडे बोट चालवायला येणारा जवळपास प्रत्येकजण आधी मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवलेला असतो. समोरून काही आलं की हात आपोआप डावीकडे जातो. पाण्यावर जगभर उलटी रीत आहे: समोरून बोट आली की आपण उजवीकडे व्हायचं, म्हणजे दोघांच्या डाव्या कुशी एकमेकींसमोरून जातात. १९७२ साली ठरलेल्या आणि १९७७ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंध नियमांत हेच आहे. तो करार समुद्राचा आणि समुद्री जहाजं जिथवर येऊ शकतात त्या पाण्याचा. आपल्या धरणात जहाज येत नाही. इथल्या इंजिनाच्या बोटींना अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागतो, त्यात नोंदणीही आली. पण बोटीने बोटीला कसं टाळायचं याची मूळ रीत एकच आहे. तापी आणि नर्मदा दोन्ही नद्या २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत आहेत, तेव्हा आज दोन-चार बोटी दिसणाऱ्या पाण्यात उद्या जास्त दिसतील असं धरून शिकलेलं बरं.

आधी मनगट सुधारा

आउटबोर्ड इंजिनाचं, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाचं, हँडल उजवीकडे ढकललं की नाळ डावीकडे वळते. हे कानाने ऐकून कळतं, पण हाताला कळायला आठवडा लागतो. म्हणजे नव्या माणसाच्या दोन चुका एकावर एक बसतात: रस्त्याच्या सवयीने डावीकडे जायचं मनात येतं आणि घाईत हँडल भलत्याच बाजूला ढकललं जातं. कधी कधी दोन चुका मिळून बरोबर उत्तर येतं, ते जास्त वाईट. कारण मग माणूस शिकतच नाही.

यासाठी तेलाचा रिकामा पंधरा किलोचा डबा घ्या, झाकण घट्ट लावा, दोरीला दगड बांधून उथळ पाण्यात सोडा. आता त्या डब्यावर सरळ चाल करा आणि पन्नास-साठ मीटर आधीच उजवीकडे वळून डबा आपल्या डाव्या हाताला ठेवून पुढे जा. हँडल डावीकडे, नाळ उजवीकडे. हे वीसदा करा. मग कोणाला तरी मध्येच "आता!" म्हणून ओरडायला सांगा आणि ओरडल्याबरोबर वळा. विचार न करता हात बरोबर बाजूला गेला की डबा उचलून घ्या.

त्याच डब्यावर आणखी दोन गोष्टी शिकून घ्या. बोट गाडीसारखी पुढून वळत नाही. नाळ उजवीकडे गेली की मागचा भाग डावीकडे फेकला जातो. म्हणून दुसऱ्या बोटीच्या अगदी शेजारी असताना झटक्यात उजवीकडे वळलात तर तुमचाच मागचा भाग तिच्यावर आपटेल. दुसरं म्हणजे ब्रेक नाही. रेस सोडली तरी बोट जडपणाने पुढे सरकत राहते आणि इंजिनाचा पाण्यातला पंखा फिरायचा थांबला की हँडल जवळजवळ मुकं होतं, वळवलं तरी वळत नाही. घाबरून रेस पूर्ण सोडणाऱ्याच्या हातून बोट जाते ती इथे. पूर्ण वेगातून थांबायला किती जागा लागते ते रिकाम्या बोटीने बघा, मग दहा माणसं बसवून बघा. भरलेली बोट किती लांब घसरते ते पाहून पोटात गोळा आला पाहिजे.

किल स्विचची दोरी, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी, मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवलेली असू द्या. टकरीत चालवणाराच आधी पाण्यात पडतो आणि मग बिनमाणसाची बोट गोल गोल फिरत त्याच्याच अंगावर येते.

बघणं हे निम्मं काम

हिवाळ्यात मी पक्षी बघायला येणाऱ्यांना घेऊन फिरतो. दुर्बिणी लावून बसलेली आठ माणसं असतात, पण पाण्यावर लक्ष एकाचंही नसतं. सगळ्यांच्या नजरा बदकांवर. मग एकजण उठून उभा राहतो आणि नेमका माझ्यासमोर. म्हणून निघण्याआधीच सांगून ठेवा: चालवणाऱ्याच्या समोर कोणी उभं राहायचं नाही, उठायचं असेल तर विचारायचं, आणि नाळेजवळ बसलेल्या एका मोठ्या माणसाला काम द्यायचं: "दादा, पाण्यात काहीही दिसलं, बाटली दिसली तरी हाताने दाखवा." लोकांना काम दिलं की आवडतं. मूल मात्र नाळेवर बसवू नका, आईवडील कितीही हौशी असले तरी.

वेगात बोटीचं तोंड वर उचललं जातं आणि समोरचं पन्नास-शंभर मीटर पाणी दिसेनासं होतं. तेव्हा एकतर वेग कमी करा, नाहीतर अधूनमधून थोडं डावी-उजवी झुलवत जा म्हणजे आड गेलेलं दिसेल. पाठीमागेही बघत चला. आपल्या इंजिनाच्या आवाजात मागून येणाऱ्याचं इंजिन ऐकू येत नाही.

आणि ऊन. देशातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात, तापी पश्चिमेला. म्हणजे सकाळी नदीच्या वरच्या अंगाला निघालात की सूर्य थेट डोळ्यांत, आणि संध्याकाळी खाली परतताना पुन्हा डोळ्यांतच. पाण्यावरून उसळलेला उजेड तर खालून येतो, टोपी काही कामाची नाही. अशा वेळी तुम्हाला समोरचा दिसत नाही, पण त्याला तुम्ही स्वच्छ दिसता. आणि तुम्ही त्याला पाहिलं आहे असं तो खुशाल धरून चालतो. त्या अर्ध्या तासात मी वेग निम्मा करतो. पाहुणे कुरकुरतात, कुरकुरू द्या.

टक्कर होणार की नाही, हे सातपुड्याला विचारा

लांबून एक बोट आडवी येते आहे. ती आपल्या पुढून जाईल, मागून जाईल की नेमकी अंगावर येईल? नवा माणूस अंदाजाने ठरवतो आणि पाण्यावरचा अंदाज हमखास फसतो, कारण मध्ये मोजायला झाड नाही, खांब नाही.

तुम्ही सरळ एका दिशेने, एकाच वेगाने चालत राहा आणि त्या बोटीच्या मागे लांब काय आहे ते बघा. आपल्याकडे उत्तरेला सातपुड्याची रांग आहे, ती या कामाला फार चांगली. बोट एखाद्या डोंगराच्या टोकाखाली आहे. थोड्या वेळाने पुन्हा बघा. ती डोंगरावरून पुढे सरकत गेली, म्हणजे तिच्या नाळेसमोरचा डोंगर झाकला जातोय आणि मागचा उघडा पडतोय, तर ती तुमच्या पुढून निघून जाईल. उलट ती मागे पडत गेली तर तुम्ही तिच्या पुढून जाल. पण ती त्याच टोकाखाली खिळल्यासारखी राहिली आणि नुसती मोठी होत गेली, तर तुमची दोघांची वाट एका जागी, एका वेळी मिळते. तिला टक्कर म्हणतात.

मागे डोंगर नसेल तर आपल्याच बोटीवरची खूण वापरा. बोटीच्या काठाला बांधलेल्या टायरच्या रेषेत ती बोट दिसते, दोन मिनिटांनीही टायरच्याच रेषेत, फक्त मोठी. उत्तर तेच. डोकं मात्र हलवायचं नाही. मी एकदा पाहुण्यांशी गप्पा मारत सरकून बसलो आणि सगळा हिशेब चुकला.

शंका आली तर टक्कर होणार असंच धरा. वेळ किती असतो ते एकदा मोजून ठेवा: दोन्ही बोटी ताशी १५ किलोमीटरने समोरासमोर येत असतील तर मधलं २५० मीटर अंतर ३० सेकंदांत संपतं. फोन खिशातून काढून बघून परत ठेवायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

भेटायच्या तीन तऱ्हा

समोरासमोर: दोघांनीही उजवीकडे. लवकर आणि ठळक. ठळक म्हणजे बोटीचं तोंड घड्याळात बारावर होतं ते सरळ एक-दीडवर गेलेलं दिसलं पाहिजे. थोडं थोडं, बोटभर-बोटभर वळत राहिलात तर समोरच्याला वाटतं लाटेने डुलते आहे. वळण दिसण्यासाठी घ्यायचं असतं, नुसतं चुकवण्यासाठी नाही. हे वाक्य मी नव्या पोरांना शंभरदा ऐकवलं असेल.

मागून पुढे जाताना: पुढे जाणाऱ्याने सगळी काळजी घ्यायची, मग तो कितीही वेगाचा, कितीही मोठ्या मालकाचा असो. डावीकडून जा की उजवीकडून, पण लांबून जा आणि पूर्ण पुढे निघून अंतर पडेपर्यंत त्याच्या वाटेत तोंड घालू नका. तुमच्या इंजिनाने उठवलेली लाट हीसुद्धा एक धडकच आहे. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तुकड्यावर बसून जाळं ओढणाऱ्याच्या मांडीएवढ्या उंचीवर पाणी असतं. तुमची गमतीची लाट त्याला उलटवते.

आडवं येताना: दोन्ही इंजिनाच्या बोटी असतील तर जिला दुसरी बोट आपल्या उजव्या हाताला दिसते तिने वाट द्यायची. वाट द्यायची म्हणजे वेग कमी करायचा किंवा उजवीकडे वळून तिच्या मागून जायचं. तिच्या पुढून घुसायचं नाही. "निघून जाईन मी" हा विचार ज्यांच्या मनात आला आणि जे खरंच निघून गेले तेच पुढच्या वेळी अडकतात.

आणि दुसरी डाव्या हाताला असेल तर? तेव्हा वाट देण्याचं काम तिचं, आणि तुमचंही एक काम आहे: सरळ चाला, वेग तोच ठेवा. तुम्ही काय करणार हे तिने धरून तिचं वळण ठरवलेलं असतं. भलेपणाने थांबलात, मग "जा जा" केलंत, मग पुन्हा निघालात, की दोघांचा गोंधळ. बसस्टँडवर "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करणं चालतं.

पण हक्काला कवटाळून बसू नका. ती वळत नाही असं दिसलं की पाच तोकडे (एकेका सेकंदाचे) भोंगे द्या. तरीही हलली नाही तर तुम्हीच वेग तोडा किंवा उजवीकडे वळा. डावीकडून येणाऱ्या बोटीला चुकवताना डावीकडे वळू नका, कारण ती शेवटच्या क्षणी शहाणी होऊन उजवीकडे वळली तर तुम्ही दोघं परत एका जागी. आणि समोरची बोट चालवणाऱ्याच्या ताब्यात असेलच, असंही नाही. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची स्पीडबोट ताबा सुटून आदळली. कोणी वेगात गोल फिरतंय, वेडीवाकडी वळणं घेतंय असं दिसलं तर नियम कोणाच्या बाजूचा ते न बघता लांब व्हा आणि सगळ्यांच्या जॅकेटचे पट्टे लावलेत ना ते बघा.

कोणापुढे कोणी झुकायचं

इंजिनाच्या बोटीने शिडाच्या बोटीला, जाळी टाकून मासेमारी करणारीला आणि बंद पडलेलीला वाट द्यायची. वल्ह्याच्या होडीला त्या लेखी क्रमवारीत वेगळी पायरी नाही. तरी आपल्याकडे कोणी शहाणा माणूस वल्हेवाल्याला वळायला लावत नाही. त्याला एक वळण घ्यायला जी ताकद लागते ती तुम्हाला दोन बोटांत मिळते. शिवाय बरेचजण पाठमोरे बसून वल्हवतात, ते तुम्हाला बघतच नाहीत.

मनातलं समोरच्याला कसं कळवायचं

रस्त्यावरचा हॉर्न म्हणजे "मी आलो, सरका". ट्रकच्या मागे तर विनंती करून वाजवायला सांगितलेलं असतं. पाण्यावरचा भोंगा असा नाही. तो तुमचं वळण बोलून दाखवतो.

तोकडा भोंगा म्हणजे साधारण एक सेकंदाचा. लांब म्हणजे चार ते सहा सेकंदांचा.

एक तोकडा: मी उजवीकडे वळतोय.
दोन तोकडे: मी डावीकडे वळतोय.
तीन तोकडे: माझं इंजिन रिव्हर्सला आहे.
पाच किंवा जास्त, भराभर: तुझं काय चाललंय ते मला कळत नाही.
एक लांब: वळणापलीकडचं दिसत नाही, मी येतोय.

"वळतोय" हे नीट लक्षात घ्या. भोंगा दिला की त्याच वेळी वळायला लागायचं. एक भोंगा देऊन सरळच जाणारा माणूस न देणाऱ्यापेक्षा घातक. आणि लांब भोंग्याला पलीकडून लांब भोंगा आला तर वेग कमी करून उजव्या काठाला लागा, कोणीतरी येतंय.

बारा मीटरपेक्षा लहान बोटीला नियमातला मोठा भोंगा सक्तीचा नाही, पण आवाज करायचं काहीतरी हवंच. गॅसचा डबा असलेला भोंगा मिळतो, तो ऐन वेळी रिकामा निघतो. मी जॅकेटला शिट्टी बांधून ठेवतो. आप्पा वल्ह्याने बोटीच्या काठावर ठोके देतात, एक ठोका, दोन ठोके, हिशेब तोच. ठोका पाण्यावरून शिट्टीपेक्षा लांब जातो असं ते म्हणतात. मला फरक जाणवला नाही, पण त्यांचे कान पाण्यातले आहेत.

तुमच्या इंजिनाशेजारी बसून तुम्हाला मात्र काहीच ऐकू येत नाही. म्हणून आडोसा, वळण, पूल किंवा धुकं आलं की रेस उतरवा आणि दहा सेकंद नुसतं ऐका.

हाताच्या खुणा नियमात नाहीत, घाटावर चालतात. जिकडे वळणार तिकडचा हात खांद्यापासून पूर्ण आडवा, हातात पांढरा रुमाल असेल तर बरं. बोट दाखवणं, मान हलवणं लांबून दिसत नाही. "ओ भो, इकून ये!" अशी आरोळीही उपयोगाची नाही, "इकून" म्हणजे कुठून ते वाऱ्यात ऐकू येत नाही. एक खूण मात्र जपून ठेवा. दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करणं म्हणजे "संकटात आहे, मदतीला या". नाळेवर उभं राहून सिनेमातल्यासारखे हात पसरून फोटो काढणारे पाहुणे बघितले की मला याचीच भीती वाटते.

अंधार पडल्यावर

नव्या माणसाने रात्री निघूच नये. पण उशीर होतो, इंजिन रुसतं, पाहुणे सूर्यास्त झाल्याशिवाय हलत नाहीत. तेव्हा दिव्यांची भाषा माहीत हवी.

नाळेकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. लक्षात राहायला: डाव्या हाताला कुंकू, उजव्या हाताला हिरवा चुडा. प्रत्येक दिवा समोरून बाजूपर्यंत ११२.५ अंशांत दिसतो, मागे १३५ अंशांचा पांढरा दिवा असतो. तिन्हींची बेरीज ३६०. म्हणजे कोणता रंग दिसतो त्यावरून समोरच्याचं तोंड कुठे आहे ते कळतं. उजवीकडून आडव्या येणाऱ्याची डावी कूस तुम्हाला दिसते, म्हणजे लाल. लाल दिसला, थांबा, वाट द्या. डावीकडून येणाऱ्याचा हिरवा दिसतो: तुम्ही चाला, पण डोळा ठेवून. जळगावच्या सिग्नलसारखंच आहे. लाल-हिरवा दोन्ही एकदम दिसले तर तो सरळ तुमच्या अंगावर येतोय, उजवीकडे घ्या. नुसता पांढरा दिसला तर तो पाठमोरा आहे, किंवा नांगर टाकून उभा आहे, किंवा बॅटरी घेऊन बसलेला एखादा जाळेवाला आहे. तिन्ही वेळा चुकवायचं काम तुमचंच.

सात मीटरपेक्षा लहान आणि सात नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे १३ किलोमीटरच्या पुढे न जाणाऱ्या इंजिनाच्या बोटीला चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा चालतो. वल्ह्याच्या होडीने निदान बॅटरी हाताशी ठेवून वेळेत दाखवायची. बॅटरी समोरच्याच्या तोंडावर मारू नका, तो पुढची पाच मिनिटं आंधळा होतो. ती आपल्याच बोटीवर, पांढऱ्या सदऱ्यावर मारा म्हणजे त्याला तुमचा आकार दिसेल. वळण कळवायला बॅटरीचे झोतही भोंग्यासारखेच: एक उजवा, दोन डावा, तीन रिव्हर्स. दिवे विकत आणले की जोडल्यावर एकदा समोर उभं राहून बघून घ्या. तारा उलट जोडून लाल उजवीकडे आलेली एक बोट मी स्वतः पाहिली आहे. आणि लग्नाच्या मांडवासारख्या रंगीबेरंगी एलईडी पट्ट्या लावायचा मोह झाला तर तो काठावरच सोडा. त्या उजेडात लाल कुठला नि हिरवा कुठला?

इथल्या पाण्याच्या खोड्या

रांगेत तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे दिसले तर खाली जाळं आहे. रांगेचं टोक शोधून त्याला वळसा घाला. टोक सापडत नसेल आणि जाळ्यावर आलातच तर इंजिन बंद करा, पंखा पाण्याबाहेर उचला आणि वल्ह्याने ओलांडा. जाळं पंख्यात गेलं की तुम्ही बंद पडलेली बोट होता, शिवाय कोणाची तरी महिन्याची कमाई फाडलेली असते.

पावसाळ्यानंतर फुगवटा रुंद असतो, तेव्हा उजवी-डावी मोकळी. उन्हाळ्याकडे पाणी उतरत जातं, हतनूरमध्ये गाळ भरपूर, आणि चालण्याजोगं पाणी जुन्या पात्राच्या पट्ट्यात उरतं. सगळ्या बोटी त्याच गल्लीत. तिथे उजव्या काठाला धरून चालायचं, पण काठाचा गाळ, बुडालेली झाडं आणि पाण्याच्या मोटारींचे पाइप बघून. चिंचोळ्या जागी दोघं एकदम शिरणार असं वाटलं तर बाहेर थांबा. खोल पाणी धरूनच जावं लागणारी भरलेली बोट आधी निघू द्या.

रावेर-यावलच्या केळीच्या बागा आडव्या करणारं मे-जूनचं वारं पाण्यावर आलं की रिकामी, हलकी बोट पतंगासारखी बाजूला वाहते. तुम्ही सरळ चाललोय म्हणता आणि प्रत्यक्षात शेजारच्यावर तिरपे जात असता. त्या दिवसांत पश्चिमेला काळं दिसलं की अंतर दुप्पट ठेवा, त्याहून बरं म्हणजे काठ गाठा.

थंडीत पहाटे पाण्यावर धुकं बसतं. त्यात इंजिनाच्या चालत्या बोटीने दर दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा द्यायचा. धुक्यात "उजवीकडून येणाऱ्याला वाट" हा हिशेब लागू नाही, कारण कोणी कोणाला बघतच नाही. नाळेच्या पुढून भोंगा ऐकू आला की सरकण्यापुरता वेग ठेवा, गरज पडली तर पूर्ण थांबा.

महाशिवरात्रीला चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर यात्रा भरते, तेव्हा तर नव्या माणसाने हँडल हातात घेऊच नये. काठ सोडणाऱ्या बोटीने येणाऱ्या बोटीला आधी लागू द्यायचं, एवढं पाळलं तरी गर्दी निम्मी सुटते.

नंदुरबारकडे, अक्कलकुवा-धडगावच्या नर्मदेत गोष्ट वेगळी. सरदार सरोवराचं पाणी १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला २०१९ मध्ये पहिल्यांदा पोचलं. डोंगरांच्या खोबणीत शिरलेल्या त्या पाण्यात बोट हीच एसटी, तरंगता दवाखानाही बोटीवर. तिथे वळणापलीकडचं काही दिसत नाही. प्रत्येक खोबणीच्या तोंडाशी लांब भोंगा आणि उजवा काठ. आणि माणसं मोजून घ्या. १५ जानेवारी २०१९ ला संक्रांतीच्या दिवशी भूषाजवळ बोट उलटली ती टकरीने नव्हे, जादा माणसांनी. टकरीशी तिचा संबंध एवढाच की भाराने जिच्या काठापर्यंत पाणी आलंय अशी बोट वळायला जाते तेव्हा पाणी आत घेते. ती कोणालाच चुकवू शकत नाही.

आणि धडकलातच तर

इंजिन न्यूट्रल करा. रिव्हर्स घाईने मारू नका, पंख्याखाली माणूस असू शकतो. आधी माणसं मोजा, दोन्ही बोटींची, मोठ्याने. पाण्यात कोणी असेल तर त्याच्याकडे दोरी किंवा रिकामा डबा फेका, स्वतः उडी मारू नका. नाळ समोरच्या बोटीत घुसून बसली असेल तर लगेच मागे ओढू नका, भोक तिथेच बुजलेलं असतं. आधी त्यांची माणसं आपल्या बोटीत घ्या. मग भोकाकडची बाजू वर राहील असं वजन सरकवा. फोन लागत असेल तर ११२, नाहीतर काठाकडे तोंड करून ते सावकाश वर-खाली होणारे हात.

भांडण काठावर करा. आम्ही केलं नाही. मी आप्पांची बोट ओढत घाटावर आणली, दोघांनी मिळून फळीवर पत्रा ठोकला आणि वाहून गेलेल्या मासळीचे पैसे मी देऊ केले. त्यांनी घेतले. किलोचा भाव मात्र घाटावरचा नाही, भुसावळच्या बाजारातला लावला.